माल्कमपेठेची घरे

इटली देशाच्या कण्यासारखा जो आपेनाइन पर्वत दक्षिणोत्तर पसरला आहे, त्याच्या सोंडांवर आणि माथ्यांवर शेकडो लहान गावे वसलेली आहेत. मध्ययुगात सखल भागी हिवतापाची धास्ती होती आणि सैन्यांच्या धाडींचे भय तर नित्याचेच होते. म्हणून लोकांनी डोंगराचा माथा जवळ केला, एकमेकांस खेटून दगडी घरे बांधली आणि भोवती कोट घातला. त्यांपैकी आब्रुत्सो प्रांतातील सांतो स्तेफानो दि सेसानियो हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,१०० फूट उंचीवर आहे. मेंढरांच्या काळ्या लोकरीवर ते एके काळी इतके भरभराटीस आले होते की, फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने १५७९ साली ते आपल्या ताब्यात घेतले. पुढे लोकरीचा व्यापार बसला, तरुण माणसे पोटामागे परदेशी गेली आणि घरांना कुलुपे पडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस दानिएले किल्ग्रेन नावाच्या एका गृहस्थाने ही पडकी घरे विकत घेऊन जशीच्या तशी दुरुस्त करविली. भिंतीवरील धुराची काजळीसुद्धा त्याने पुसू दिली नाही. आज तेथे प्रवासी चार-आठ दिवसांपुरते घर भाड्याने घेऊन राहतात. २००९ च्या भूकंपात गावाचा मेदिची बुरूज कोसळला, तोही पुन्हा उभारण्यात आला आहे.

सातारा आणि सांगलीकडील घरांना इटलीची ही डोंगरी गावे अगदीच परकी नाहीत. १९४३ ते १९४५ या काळात मराठा पलटणी याच मुलखात एकेक टेकडी जिंकीत उत्तरेकडे सरकल्या. मोंतोने या अशाच एका कोटबंद गावात, त्या परिसरात धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ साली सूर्यघटिकेचे स्मारक उभारले गेले. ज्या उतारांवर त्या काळी खंदक खणले गेले, तेथील कित्येक घरे आता सुटीतील भाडेकऱ्यांसाठी सजविलेली आहेत.

तथापि डोंगरमाथ्यावरील भाड्याचे घर पाहावयास सातारकरास समुद्रपार जाण्याचे कारण नाही. असे घर सातारा जिल्ह्यात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच उभे राहिले. भेद एवढाच की, इटलीत गाव आधी होते, ते ओस पडले आणि मग पाहुणा आला. महाबळेश्वरी पाहुणा आधी आला आणि त्याच्यासाठी गाव वसविण्यात आले. त्या गावाचे नाव माल्कमपेठ.

महाबळेश्वरचे पठार त्यापूर्वी निर्जन होते असा समज करून घेणे चुकीचे होईल. पेठेपासून तीन-साडेतीन मैलांवर असलेले क्षेत्र महाबळेश्वर हेच तेथील खरे जुने गाव. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगमस्थान म्हणून त्याची कीर्ती आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने तेराव्या शतकात येथे येऊन कृष्णेच्या उगमापाशी लहानसे देऊळ बांधविले असे सांगतात. पुढे हा सगळा रानटापू जावळीच्या मोऱ्यांकडे गेला. विजापूरकरांकडून मिळालेला चंद्रराव हा किताब पिढ्यान्‌पिढ्या मिरविणाऱ्या या घराण्याने येथील देवालयांची व्यवस्था पाहिली. १६५६ च्या आरंभी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधविला, आणि त्यानंतर तीन वर्षांतच, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, गडाच्या पायथ्याशी काय घडले हे मराठी घरातील लहान मुलासही सांगावे लागत नाही.

या क्षेत्री गुरव आणि ब्राह्मण होते. देवस्थानात पिढीजात मान असलेले कोळी होते. रानात गुरे राखणारे गवळी-धनगर होते. आणि धावड नावाची, जांभ्या दगडातून लोखंड गाळणारी एक मुसलमान जात होती. गुरू कन्येस गेला म्हणजे कृष्णेची यात्रा भरे, शिवरात्रीस जत्रा होई, आणि माणसे दोन दिवस राहून खाली उतरत. हवा खाण्याकरिता म्हणून डोंगर चढून जावे आणि तेथे बिऱ्हाड करावे, ही कल्पना मात्र देशी माणसाच्या मनात आली नव्हती. जो तो डोंगराकडे देवाकरिता जाई, नाही तर शत्रूपासून जीव वाचविण्याकरिता.

ही कल्पना आणली ती गोऱ्या लष्करी अंमलदारांनी. १८२४ साली सातारच्या छावणीतील पीटर लॉडविक हा रान तुडवीत पश्चिमेच्या कड्यापर्यंत पोहोचला. त्या कड्यास आज त्याचेच नाव आहे. त्याने मित्रांना पत्रे लिहून तेथील थंडाव्याची वाखाणणी केली. पण नुसत्या वाखाणणीने गाव वसत नाही. त्यास रस्ता लागतो. रस्ता बांधला तो सातारच्या छत्रपतींनी.

प्रतापसिंह महाराज १८१८ मध्ये इंग्रजांच्या हातून सातारच्या गादीवर बसले, त्या वेळी ते पंचविशीत होते. पेशवाईत नजरकैदेत वाढलेल्या या राजास कारभाराची हौस विलक्षण होती. सातारा शहरात त्यांनी रुंद रस्ते काढले, पाण्याची सोय केली, शाळा घातली, आणि दररोजच्या कामाची रोजनिशी ठेविली. १८२६ साली रेसिडेंट ब्रिग्ज याने गळ घातली तेव्हा महाराजांनी साताऱ्यापासून मेढ्यावरून महाबळेश्वरच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता करविला. खर्च सातारच्या खजिन्यातून झाला, आणि घाटातील खडक सातारच्या रयतेने फोडला. हा रस्ता झाला नसता तर लॉडविकची पत्रे पत्रेच राहिली असती.

१८२७ च्या अखेरीस सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावास शरण आणून आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास पाठविणारा तो हाच माल्कम. मराठी दौलतीचा शेवट आपल्या हाताने लिहिणाऱ्या या पुरुषाने दहा वर्षांनी मराठ्यांच्याच डोंगरावर विश्रांतीची जागा शोधावी, हा योगायोग लहान नव्हे. १८२८ साली त्याने आजारी गोऱ्या शिपायांकरिता तेथे प्रयोगादाखल रुग्णालय उघडले, आणि हवा मानवते असे दिसताच डोंगर कंपनी सरकारच्या ताब्यात असावा असे ठरविले. १६ मे १८२९ रोजी तह झाला. महाराजांनी माथ्यावरील जागा दिली आणि मोबदल्यात त्यांस खंडाळे गाव मिळाले. हे खंडाळे बोरघाटातील नव्हे. पुण्याहून साताऱ्यास येताना खंबाटकीच्या अलीकडे लागते ते. नव्या वस्तीस ‘माल्कमपेठ’ हे नावही महाराजांनीच दिले. राजाने आपल्या राज्यातील जमीन द्यावी आणि तीस दुसऱ्याचे नाव देऊन त्याचा गौरवही आपणच करावा, यात सौजन्य किती आणि अगतिकता किती याचा निवाडा वाचकांनीच करावा. १८१९ च्या तहान्वये महाराजांना रेसिडेंटाच्या अनुमतीवाचून बाहेरच्या कोणाशी पत्रव्यवहार करण्याचीही मोकळीक नव्हती, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

माल्कम १८३० च्या अखेरीस विलायतेस गेला. पेठ वाढू लागली. आणि डोंगर दिल्याला दहा वर्षे होतात न होतात तोच ज्याने डोंगर दिला त्याचे राज्य गेले. १८३५ साली कंपनीच्या डायरेक्टरांनी प्रतापसिंहांच्या कारभारावर प्रसन्न होऊन त्यांस रत्नजडित तलवार देण्याचे मंजूर केले होते. परंतु ती तलवार त्यांच्या हाती पडली नाही. त्याऐवजी हाती पडले ते आरोपपत्र: गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत राजाशी पत्रव्यवहार, आणि देशी पलटणीतील सुभेदारांना फितविण्याचा यत्न. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील, असे त्याने सांगितले. महाराजांनी सही करण्याचे नाकारले. निरपराध असता अपराध कबूल करून मिळणारे राज्य त्यांना नको होते. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांस पदच्युत करण्यात आले आणि पुढे काशीस नेऊन ठेविले. तेथेच १८४७ च्या ऑक्टोबरात त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी यांनी तेरा वर्षांच्या आसपास लंडनमध्ये खेटे घालून दाद मागितली, पण दाद लागली नाही.

१८२९ चा कागद आणि १८३९ चा कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे महाबळेश्वरचा इतिहास निराळा दिसू लागतो. पहिल्यावर सही झाली आणि गाव वसले. दुसऱ्यावर झाली नाही आणि राजा गेला. आजही कड्यांना आणि पॉइंटांना गव्हर्नरांची, सेनापतींची आणि कलेक्टरांची नावे आहेत. ज्याच्या रस्त्याने हे सर्व वर चढले, त्याचे नाव त्या यादीत शोधावे लागते. वेण्णेचे तळे प्रवाशांच्या विशेष आवडीचे. तेही सातारच्याच पैशाचे. प्रतापसिंहांच्या मागून गादीवर आलेले त्यांचे बंधू आप्पासाहेब यांनी ते १८४२ साली बांधविले. आप्पासाहेबही १८४८ मध्ये वारले आणि लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला.

आता त्या घरांकडे वळले पाहिजे. माथ्यावरील खडक म्हणजे जांभा. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासण्याइतका मऊ असतो आणि वारा लागला म्हणजे टणक होतो. त्याचे चिरे एकावर एक रचून दोन-दोन हात जाडीच्या भिंती उठवीत. पुढे रुंद ओसरी, मधोमध दिवाणखाना, त्यात विलायती पद्धतीची शेगडीची चूल आणि वर धुराडे, मागे मोरीची खोली, आणि स्वयंपाकघर व चाकरांच्या खोल्या मुख्य घरापासून दूर. बंगला असा असे. साहेबाच्या घरातील चुलीचा धूर साहेबास दिसू नये, हा त्यातील हेतू. जागा सरकारी, पट्ट्याने दिलेली. बंगला खासगी, आणि मालक पुष्कळदा मुंबईस किंवा पुण्यास. हंगाम आला की घर सामानसुमानासह भाड्याने दिले जाई. हंगाम दोन: होळीनंतर मृगापर्यंतचा मोठा, आणि दसऱ्यानंतरचा लहान. मुंबईच्या गव्हर्नरचा मुक्काम उन्हाळ्यात येथे, पावसाळ्यात पुण्यास आणि थंडीत मुंबईस असे. त्याच्या पाठोपाठ दफ्तर, दफ्तरापाठोपाठ कारकून आणि कारकुनापाठोपाठ दुकानदार, अशी ही रांग वर चढे आणि खाली उतरे.

येथवर पोहोचणे मात्र सोपे नव्हते. मुंबईची मंडळी आरंभी गलबताने बाणकोटच्या खाडीतून महाडास येत आणि तेथून पालख्या-डोल्यांतून घाट चढत. त्या वाटेचा शेवटचा चढ लोकांनी ‘रडतोंडी’ या नावाने ओळखला, त्यावरून चढणाऱ्याच्या आणि त्याहीपेक्षा वाहणाऱ्याच्या मुद्रेची कल्पना यावी. १८७६ मध्ये आंबेनळीचा गाडीघाट झाला. पुढे दक्षिण मराठा रेल्वे आल्यावर वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने वाई आणि पसरणीच्या घाटावरून येण्याचा परिपाठ पडला.

या घरांचा खरा शत्रू पाऊस. महाबळेश्वरी वर्षास सव्वादोनशे इंचांच्या वर पाऊस पडतो. तेथून अकरा-बारा मैल पूर्वेस असलेल्या पाचगणीस त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि वाईस तर त्याहूनही फार कमी. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. उघडी भिंत चार महिने पश्चिमेचा मारा सोशील तर ती आतून घामाघूम होऊन ढासळू लागेल. म्हणून वैशाख सरता सरता प्रत्येक घरास झड बांधावी लागते. कोळम नावाचे लांब, चिवट गवत रानातून कापून आणावयाचे, बांबूच्या चौकटीवर ते दाट अंथरून आवळावयाचे, आणि वळचणीपासून जमिनीपर्यंत घराच्या अंगावर हा गवती झगा चढवावयाचा. खिडक्या झाकल्या जातात, दिवसा दिवा लावावा लागतो, आणि जुलैच्या धुक्यात सबंध पेठ म्हणजे गवताच्या गंजींचे गाव भासते. अलीकडे गवताच्या जागी ताडपत्री व प्लॅस्टिकही आले आहे. परंतु गवताच्या झडीतून भिंतीस थोडा वारा लागतो, तो प्लॅस्टिकातून लागत नाही, हे जुने कारागीर सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे.

हंगामातील भाडेकऱ्यास ही झड बहुधा दिसतच नाही. तो उतरून गेल्यावर ती चढते आणि तो परत येण्यापूर्वी उतरते. ती बांधणारे हात जवळच्या खेड्यांतले. कड्याची शोभा वर्णन करणारी प्रवासवर्णने पुष्कळ झाली. झड बांधणाराविषयी त्यांतून चार ओळीही सापडणे कठीण.

पेठेच्या बाजारात जे मिळू लागले त्याचीही अशीच कथा आहे. १८३४ च्या सुमारास येथे एक तुरुंग बांधण्यात आला आणि त्यात पूर्वेकडील सामुद्रधुनीच्या वसाहतींतून आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवण्यात आले. सुमारे तीस वर्षे, म्हणजे १८६४ पर्यंत, हा तुरुंग चालला. या कैद्यांनी बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे केले, वेताच्या व बांबूच्या सुबक टोपल्या विणल्या आणि भोवतालच्या लोकांस ती विद्या दिली. ज्या ओढ्याकाठी त्यांचे मळे होते तेथील धबधब्यास आजही ‘चायनामन’ असे नाव आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा बोलबाला सर्वत्र झाला. परंतु या पठारावर बागाइताचा पहिला धडा गिरविला तो बेड्या घातलेल्या परदेशी माणसांनी. धावडांचे दैव याच्या उलट. लोखंड गाळण्यास कोळसा लागे, कोळशास लाकूड लागे, आणि साहेबास तर सावली पाहिजे होती. जंगलखात्याचे निर्बंध आले तसे धावडांचे भाते थंडावले. ज्या डोंगराच्या दगडातून ते लोखंड काढीत, त्याच दगडाच्या बंगल्यांत मग त्यांच्यापैकी कित्येकांस मोलमजुरी शोधावी लागली असेल, तर नवल नाही.

पाचगणीची हकीकत थोडक्यात सांगता येते. दांडेघर, खिंगर, गोडवली, आंब्रळ आणि तायघाट या पाच गावांच्या शिवेवर जॉन चेसन याने १८६० नंतर वस्ती वसविली, सिल्व्हर ओकची झाडे लाविली, आणि पाऊस बेताचा असल्यामुळे तेथे बारमाही राहणे शक्य झाले. म्हणून पाचगणीस शाळा आल्या, क्षयरोग्यांचे आश्रम आले. महाबळेश्वर हे हंगामाचे गाव राहिले ते पावसामुळेच.

हाच पाऊस सांगलीकर दुसऱ्या रूपाने ओळखतो. माथ्यावर पडलेले पाणी वेण्णेने माहुलीस, कोयनेने कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहते. १९२९ साली झालेल्या या पुलावरील खुणा पाहून नदीकाठची पेठ घर सोडावयाचे की नाही ते ठरविते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तेथे ५७ फुटांपर्यंत चढले आणि अर्धे शहर पाण्यात गेले. डोंगरावरील झाडी राहते की जाते, हा प्रश्न केवळ प्रवाशांच्या सावलीचा नाही.

स्वराज्यानंतर बंगल्यांतील बिऱ्हाडे बदलली. त्यापूर्वीच पारशी आणि गुजराथी धनिकांनी कित्येक घरे घेतली होती. त्यांपैकी मोरारजी कॅसलमध्ये १९४५ च्या उन्हाळ्यात महात्मा गांधींचा मुक्काम होता. पुढे मध्यम स्थितीतील मराठी कुटुंबेही लेकराबाळांसह एस. टी. ने येऊ लागली. घरांच्या जागी हॉटेले झाली. बांधकामाचा लोंढा इतका वाढला की, केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर केला. तेव्हा डोंगरावर जागा पुरेना म्हणून दृष्टी शेजारच्या डोंगरांकडे वळली. २०१९ साली ‘नवीन महाबळेश्वर’ नावाची योजना राज्य सरकारने हाती घेतली. सातारा, जावळी आणि पाटण या तालुक्यांतील दोनशेहून अधिक गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली.

या गावांची आजची स्थिती आब्रुत्सोमधील गावांसारखी आहे. जावळी आणि पाटणचा तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जातो. पूर्वी गिरणीत आणि गोदीत जाई, नंतर माथाडी झाला. कोयनेचे धरण झाले तेव्हा खोऱ्यातील चांगली जमीन पाण्याखाली गेली आणि उरलेली माणसे आणखी वर सरकली. घरे आहेत, पण दारास कुलूप आहे. काही ठिकाणी, विशेषतः तापोळा-बामणोलीच्या बाजूस, परत आलेल्या मुलांनी घराची डागडुजी करून पाहुण्यांची सोय केली आहे. तेथे घरचाच माणूस यजमान आहे, आणि पाहुण्याच्या ताटात नाचणीची भाकरी पडते. सांतो स्तेफानोतही एक गोष्ट सांभाळली गेली: नवे घर बांधावयाचे नाही, जुने आहे तेच वापरावयाचे. माल्कमपेठेत असा नियम कधीच नव्हता, कारण तेथे जुने काही नव्हतेच. जे जुने होते ते साडेतीन मैलांवर क्षेत्रात राहिले.

नव्या योजनेत या दोहोंपैकी कोणता कित्ता गिरविला जाणार, याची चर्चा जावळीत घरोघरी आहे. जमिनींची खरेदी-विक्री सुरू झाली असून सातबाऱ्यावर परगावची नावे दिसू लागली आहेत. १८२९ साली डोंगराच्या बदल्यात निदान एक खंडाळे तरी मिळाले होते, याची आठवण ज्यांना आहे ते ती बोलून दाखवितात. दरम्यान मे महिना आला की मुंबईचा माथाडी चार-आठ दिवसांची रजा काढून गावी येतो. यात्रा असतेच, पण तेवढ्यासाठीच तो येत नाही. मृगापूर्वी कौले चाळावयाची असतात, आणि पश्चिमेच्या भिंतीस झड बांधावयाची असते.